बेबी मधला खाते

"वहिनी, गिटारवर तिकड्या वाजत नाहीत. सोड तो नाद," बेबी बँजोच्या खुंट्या पिळता पिळता म्हणाली, आणि तिच्या बाजूनं विषय संपला.

वहिनीच्या बाजूनं तो तिथेच सुरू झाला.

बेबी ही वहिनीची धाकटी नणंद. वय बेचाळीस, अंगानं चांगली भरलेली, दातांच्या दवाखान्यात कवळ्या घडवायचं काम. तरी शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. वहिनी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. वहिनी आणि तिचा नवरा मिळून खुर्च्या-सोफे मढवायचा कारखाना चालवत. तो लाकडी सांगाडे ठोकायचा, ती स्प्रिंगा बांधून, फोम बसवून, वर कापड चढवायची. खाली कारखाना, वर घर. शनिवारी दुपारी काम बंद झालं की त्याच कारखान्यात मंडळी जमायची आणि आयरिश नाचांच्या चाली वाजवायची.

मंडळी म्हणजे चारच. मास्तर व्हायोलिन वाजवायचे. शाळेत गणित शिकवायच्या आधी त्यांनी दोन वर्षं बोटीवर नोकरी केली होती, आणि तिथल्या एका आयरिश खलाशानं त्यांना या चालींचं वेड लावलं होतं. त्यांनी ते पुढे इतरांना लावलं. पोस्टमनकडे लाकडी बासरी होती. बेबीकडे बँजो. आणि मागच्या बाजूला, फोमच्या थप्पीला टेकून, चालीखाली गिटारच्या कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरणारी वहिनी. बेबी तिला वहिनी म्हणते म्हणून मास्तरही वहिनीच म्हणायचे, मास्तरांचं सत्तरावं उलटून गेलं होतं तरी.

आता तिकडी म्हणजे काय, तर या चालींत मधूनमधून एखादा सूर जरा लांबलेला असतो. तो तसाच सरळ वाजवला तरी कुणी हरकत घेत नाही. पण बेबी त्या एका सुराच्या जागेत तीन टोले मारायची. नखी खाली, वर, खाली. इतकं झटपट की कानाला तीन असे मोजताच येऊ नयेत. सुराला कुणीतरी गुदगुल्या केल्या आणि तो अंग चोरून हसला, एवढंच वाटावं. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा तिच्या तिकड्या पडायच्या, आणि पोस्टमनचा पाय आपोआप जमिनीवर ठेका धरायचा.

वहिनी नऊ वर्षं हे मागून बघत होती. कॉर्ड धरणं तिला उत्तम जमायचं. पण कॉर्ड म्हणजे भिंत. भिंत नसेल तर घर पडतं हे खरं, पण 'वा, काय भिंत आहे!' असं कोण म्हणतं? तिला चाल वाजवायची होती. आणि नुसती चाल नाही, तिकड्यांसकट.

त्या शनिवारी बेबीचं ऐकूनही तिनं एका रीलमध्ये गुपचूप एक तिकडी घुसवून बघितली. रील म्हणजे न थांबता पळणारी चाल, तिथे चुकायला फुरसत नसते. वहिनीचे तीन टोले एका दारातून तीन जाडी माणसं एकदम आत शिरावीत तसे आले. पहिला अडकला, दुसरा त्याच्यावर आदळला, आणि तिसरा पोचला तोवर मंडळी पुढच्या ओळीत होती. मास्तरांचा गज थांबला. पोस्टमननं बासरी तोंडापासून काढली.

"काय पडलं?" त्यानं विचारलं.

"वहिनीची तिकडी," बेबी म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. वहिनीही हसली. पण आतून तिचा नुसता जळफळाट झाला.

सोमवारपासून ती हात धुऊन मागे लागली. दुपारच्या चहानंतर अर्धा तास, दार लावून. पण जेवढा जोर लावावा तेवढं कोपर ताठ व्हायचं, मान आखडायची आणि नखी तारेत अडकून बसायची. बरं, डाव्या हातानं चालीचे सूरही धरायचे होतेच. डावं सांभाळावं तर उजवं बिनसायचं, उजव्याकडे बघावं तर डावं भलत्याच पट्टीवर जाऊन बसायचं.

आणि मग पुढच्याच आठवड्यात एका जुन्या सोफ्यानं हा प्रश्न परस्पर सोडवून टाकला.

त्याच्या पोटातली स्प्रिंग दाबून बांधताना सुतळी हातातून सुटली. स्प्रिंग उसळली ती थेट वहिनीच्या डाव्या मधल्या बोटाच्या टोकावर. रक्ताचा थेंब नाही, हाड शाबूत. पण बोटाचं टोक खाली वाकलं ते काही केल्या वर उठेना. नवऱ्यानं तिला तशीच दवाखान्यात नेली.

"आतला बंध तुटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बोटाला प्लास्टिकची पट्टी लावून वर चिकटपट्टी गुंडाळली. "सहा आठवडे बोट सरळ. सरळ म्हणजे सरळ. एकदा जरी वाकलं तरी जुळत आलेलं पुन्हा सुटेल, आणि मग पहिल्या दिवसापासून मोजायचं."

"अंघोळीलासुद्धा?"

"अंघोळीलासुद्धा."

"आणि गिटार?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "चल, घरी चल," नवरा घाईघाईनं म्हणाला.

बेबी त्याच संध्याकाळी धावत आली. जिभेनं कितीही फटकळ असली तरी नणंद म्हणून तिला नावं ठेवायला जागा नव्हती. तिनं वहिनीचं राहिलेलं कापड बेतून दिलं, उशांच्या खोळी शिवून दिल्या, आणि जाताना बजावलं, "आता मुकाट्यानं आराम कर."

वहिनीनं दोन दिवस आराम केला. तिसऱ्या दिवशी तिनं गिटार मांडीवर घेतली. डावं बोट असं ताठ उभं, जणू वर्गात कुणी परवानगी मागतंय. त्या हाताला काहीच करता येणार नव्हतं. पण उजव्या हाताला कुणी काय सांगितलं होतं? तिनं चौथी तार कुठेही न दाबता, मोकळीच छेडली. खाली, वर, खाली. पुन्हा खाली, वर, खाली.

डावा हात गप्प बसल्यावर तिला पहिल्यांदाच उजवा नीट ऐकू आला, आणि तो किती बेंगरूळ वाजवतो हे कळून ती चाटच पडली. नखी जाड होती. तारेला धक्का देऊन जायची, सरकून जायची नाही. वहिनीनं सोफ्याच्या बटणांच्या डब्याचं पातळ झाकण कातरून नवी नखी केली. चिमटीत गच्च न धरता सैल धरली. कोपर गिटारवर नुसतं टेकवून ठेवलं आणि मनगटाला म्हटलं, आता तूच काय ते बघ.

रोज तासभर एक तार. घरच्यांचे कान किटले. "आई, निदान दुसरी तार तरी वाजव," कॉलेजात जाणारी लेक काकुळतीला येऊन म्हणाली. नवरा तर वहिनी बसली की बरोबर त्याच वेळी करवतीचं यंत्र सुरू करायला लागला.

तरीही तिकडी होईना. टोले सारखे पडायला लागले होते, एकसारखे, मोजून मापून. पण ते तीन टोलेच राहत होते. गुदगुली काही होत नव्हती. शेवटी लेकीनंच, बहुधा आपल्या कानांची दया येऊन, उपाय काढला. तिच्या फोनमध्ये बेबीचा बँजो भरलेला होता. तिनं तो निम्म्या वेगानं लावला, मग पाव वेगानं. बेबीचा गारांचा पाऊस एकेक थेंब होऊन खाली यायला लागला. वहिनी फोन कानाला लावून कारखान्यात येरझाऱ्या घालत होती. एका तिकडीवर ती थबकली. तीच जागा पुन्हा ऐकली. मग पुढची तिकडी, मग त्याच्या पुढची.

"अहो!" ती ओरडली. "अहो, ऐकलंत का! बेबी मधला खाते!"

नवऱ्यानं करवत बंद केली. "काय खाते?"

"मधला!"

"मधला काय?"

"टोला हो! तीन टोले सारखे नाहीतच मुळी! पहिला मारते, मधला नुसता तारेला शिवून जातो, जवळजवळ नाहीच, आणि तिसऱ्यावर धपकन पाय टेकते! आणि मी मूर्खासारखी तिन्ही सारखे वाजवत बसलेय!"

"मग तूही खा," नवरा म्हणाला आणि त्यानं करवत सुरू केली.

वहिनीनं दोन दिवस नुसता मधला खायचा प्रयत्न केला. त्यात आणखी एक गोष्ट सापडली. तिसरा टोला खाली पडला की तिचा हात सवयीनं पुढचा सूर वर जाता जाता वाजवायचा, आणि तिथेच चालीचा तोल जायचा. बेबीचा पुढचा सूर मात्र पुन्हा खालीच पडायचा. सलग दोनदा खाली. मध्ये हात नुसता रिकामा वर जाऊन यायचा. एवढंसं! नऊ वर्षं मागे बसून बघितलं आणि दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आपल्या आरामखुर्चीची चौकशी करायला आल्या होत्या. आतून कापडाचे नमुने आणायला गेलेली वहिनी वाटेत गिटार दिसली म्हणून क्षणभर टेकली. खाली, हलकेच वर, खाली. आणि खाली. टिर्रिक्, टण्. तिचा हात थांबला. पुन्हा वाजवलं. टिर्रिक्, टण्.

"झाली!" ती बाहेर धावत आली. "झाली, झाली!"

"झाली?" बाईंचा चेहरा उजळला. "माझी खुर्ची?"

"नाही हो, तिकडी!"

बाईंना काय कळलं कोण जाणे. पण समोरचीचा आनंद बघून त्या 'अरे वा' म्हणाल्या, आणि नमुने न बघताच निळं कापड पसंत करून गेल्या.

त्यानंतर वहिनीला कुणी अडवू शकलं नाही. ती हळू वाजवायला लागली, मग जलद, मग अतिजलद. चार सूर साधे आणि पाचव्यावर तिकडी, मग तिसऱ्यावर, मग एका दमात दोन. जेवायला बसली तरी उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालूच. पण बेबीला तिनं अवाक्षर सांगितलं नाही, आणि लेकीलाही डोळे वटारून गप्प बसवलं.

पाचव्या आठवड्याचा शनिवार आला. मंडळी जमली. वहिनी हात मोडलेल्या एका कोचावर बसली होती, गिटार आपली सवय म्हणून मांडीवर. मास्तरांनी रील सुरू केली. ती नेमकी चौथ्या तारेच्याच सुरातली निघाली, म्हणजे मोकळी तार वाजली तरी कुणाला खटकणार नव्हती. पहिला फेरा वहिनीनं कसाबसा सोडला. दुसऱ्या फेऱ्यात तिला राहवेना. तळव्याची कड तारेवर टेकवून आवाज दाबला आणि तिनं हळूच एक तिकडी सोडली. मग दुसरी. मग दर ओळीला एक.

बँजो बंद पडला.

"थांबा, थांबा! कोण करतंय ते?" बेबीनं मान वळवली. "मास्तर, तुम्ही?"

"माझा गज एवढा चलाख असता तर अजून काय हवं होतं," मास्तर म्हणाले.

पोस्टमननं बासरीच्या टोकानं कोचाकडे बोट दाखवलं, म्हणजे बासरी दाखवली. बेबी उठून वहिनीच्या समोर येऊन उभी राहिली.

"कर बघू."

वहिनीनं केली.

"पुन्हा कर."

पुन्हा केली.

"आता सलग चार. थांबायचं नाही."

वहिनीनं सहा केल्या. बेबी कवळीतला एखादा दात निरखावा तशी तिच्या मनगटाकडे निरखून बघत होती.

"मधला कसा गिळलास गं इतका साफ?"

"तू खातेस तसाच."

"मी? मी कशाला खाऊ? माझे तिन्ही चोख असतात!" बेबीनं ताड्कन जाऊन बँजो उचलला आणि सावकाश एक तिकडी वाजवली. मग आणखी सावकाश. तिचा चेहरा बदलत गेला. "अय्या," ती हळूच म्हणाली. "खरंच की गं. खाते मी."

सगळे हसत सुटले, आणि सगळ्यांत मोठ्यानं बेबी. मग ती एकदम थांबली. तिनं बँजो फोमच्या थप्पीवर ठेवला.

"सरक तिकडे."

"का?"

"सरक म्हणते ना. ती गिटार आधी माझी होती, विसरलीस? तुला देण्याआधी चार वर्षं घासलीयत मी तिच्यावर. ही चाल अजून बोटांत आहे. तू मार, मी धरते."

त्या कोचावर दोन बायका बसणं म्हणजे आधीच कसरत. बेबी डावीकडे घुसली, उजवा हात तिनं वहिनीच्या पाठीमागून घातला आणि डाव्या हातानं गिटारची मान पकडली. वहिनीनं आपला पट्टीवाला हात वाटेत नको म्हणून उंच धरला. मास्तरांनी चार मोजले.

पहिला प्रयत्न तीन सुरांत कोसळला.

"माझी वाट बघ ना!" बेबी म्हणाली.

"तू बघ! तिकडी मी मारणार, मग सूर जागेवर कुणी धरायचा?"

"तू कुठे मारणार ते मला स्वप्न पडणारे?"

"लांब सूर आला की मारणार, आणखी कुठे?"

"दोघीही गप्प बसा आणि श्वास घ्या," पोस्टमन म्हणाला. त्याचं बासरीचं गणितच श्वासावर चालायचं. त्या दोघींनी खरंच एकदम श्वास घेतला, आणि तो सोडता सोडता चाल सुरू झाली.

आणि चालली! पहिली ओळ गेली, दुसरी गेली. बेबीची बोटं पट्ट्यांवरून धावत होती आणि वहिनीची नखी खाली तिच्या पावलाला पाऊल लावून. पहिला लांब सूर आला तसं बेबीचं बोट जागेवर रुतलं, आणि वहिनीनं टिर्रिक् करून तो हसवला. "हाऽऽ!" बेबी किंचाळली. पुढच्या वळणावर पुन्हा. मास्तरांना बसवेना, ते व्हायोलिन खांद्याला लावून सामील झाले. पोस्टमनही आला. चाल वरच्या पट्टीत चढली, तिथे वहिनीनं एकामागून एक दोन तिकड्या सोडल्या, आणि बेबी तिच्या कानात ओरडली, "आणखी! आणखी मार!" नऊ वर्षं जी चाल ती मागून ऐकत होती ती आता तिच्या स्वतःच्या मनगटातून निघत होती, निम्मी का होईना, आणि उरलेली निम्मी तिच्या कुशीला कुशी लावून बसली होती. एक फेरा झाला, दोन झाले, तीन झाले. नवरा आणि लेक जिन्यातून खाली येऊन उभे होते. शेवटचा सूर वाजला आणि वहिनीला भान राहिलं नाही. वर धरलेला हात तिनं धाडकन खाली आणला आणि बेबीचा खांदा गच्च आवळला.

घामानं सैल झालेली पट्टी टप्कन कोचाखाली पडली.

सगळ्यांनी त्या बोटाकडे बघितलं. बोटानं मान टाकली होती.

"झालं!" नवरा म्हणाला. "सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी यथेच्छ झापलं. "काय करत होतात?"

"वाजवत होतो."

"या हातानं?"

"नाही, या हातानं. तो हात नणंदेचा होता."

या वेळी डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्टी दुप्पट गुंडाळली.

वहिनीला वाईट वाटायला हवं होतं. घरी येताना तिनं प्रयत्नही करून बघितला, पण हसूच फुटत होतं. दुसरे सहा आठवडे कसे गेले ते कळलं नाही. दर शनिवारी दोघी त्याच कोचावर. गिऱ्हाईक दोनदा कोच न्यायला आलं, दोनदा नवऱ्यानं त्याला थोपवून धरलं. तिसऱ्या खेपेला कोच गेला, मग दोघी लाकडी बाकावर बसायला लागल्या. बेबीच्या मनगटाला गोळे यायचे, वहिनीच्या पाठीला रग लागायची, आणि कुणाचं चुकलं यावरून दर चालीगणिक भांडण. "तू घाई केलीस." "तू झोपली होतीस." या भांडाभांडीत आठ चाली बसल्या. आणि बेबीला, जिनं आयुष्यात कुणासाठी कधी एक सूर थांबायचं नाव घेतलं नव्हतं, लांब सुरावर थांबून वहिनीच्या तिकडीची वाट बघायची सवय लागली. मास्तरांनी ते हेरलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पट्टी सुटली तेव्हा बोट सरळ होतं, पण लाकडासारखं ताठ. पहिले काही दिवस वहिनी ते कोमट पाण्यात बुडवून वाकवायची. मग एका रविवारी सकाळी तिनं गिटार घेतली आणि पहिल्यांदा एकटीनं ती रील धरली. उजवा हात उड्या मारत होता, डावा लंगडत होता, त्यामुळे चाल आपली डुलत डुलत, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. बेबी तिथेच पायाची घडी घालून चहा पीत बसली होती.

"वहिनी," पहिला फेरा संपल्यावर ती म्हणाली, "किती गं त्या तिकड्या? एकही सूर सोडला नाहीस. चालीला श्वास तरी घेऊ दे की!"

"मला आवडतात."

"आवडतात म्हणून काय सगळ्याच घालायच्या? पहिल्या ओळीला एक पुरे."

"एक? दोन तरी."

"बरं, दोन. पण दुसरी शेवटाला नको, वळणावर घाल."

"वळणावर तू घालतेस. मी शेवटालाच घालणार."

"तुला काही सांगण्यात अर्थच नाही," असं म्हणत बेबीनं कप खाली ठेवला आणि बँजो मांडीवर घेतला. "चल, सुरू कर. हळूच. मी मागून येते."

वहिनीनं सुरू केलं. बेबी एक ओळ थांबली आणि मग तिच्या त्या लंगड्या वेगाशी वेग जुळवून आत आली. वहिनीनं एक तिकडी घातली, बेबीनं आपली पुढच्या सुरावर. मग चाल वर चढली, लांब सूर आला, आणि काही न ठरवता, एकमेकींकडे न बघता, दोघींच्या नख्या एकाच क्षणी पडल्या. टिर्रिक्! दोन्ही वाद्यांतून एकच. दोघींनी एकदम मान वर केली.

"थांबू नकोस!" बेबी ओरडली.

"मी कुठे थांबतेय!" वहिनी ओरडली, आणि तिनं वेग वाढवला.